कोहळ्याला पहिला विळा

आमच्या सासरी बाई कोहळ्याला पहिला विळा लावत नसे. लाल भोपळ्याला आमच्याकडे कोहळं म्हणतात. वेल लावायचा बाईनं, बुडाशी शेणखत घालायचं बाईनं, पावसाळाभर वानरं हाकलायची बाईनं, आणि पिकलेलं कोहळं छपरावर चढून, मूल कडेवर घ्यावं तसं खाली आणायचं तेही बाईनंच. पण कापायची वेळ आली की घरचा माणूस ऐटीत येऊन बसणार. कोहळं म्हणजे घरातला थोरला मुलगा, त्याच्यावर बाईनं शस्त्र चालवू नये, असं सांगत. पुरुषानं एकदा विळा रोवला की थोरल्या मुलाची लगेच भाजी होऊन जाई आणि त्याच्या फोडी, बिया, साली सगळं पुन्हा बाईच्या पदरात पडे.

माझ्या माहेरी, चिमूरकडे, रीत हीच होती, पण तिथं अडलंनडलं तर बाया कोहळं अंगणात आपटून फोडत आणि मग खुशाल चिरत. आपटलं म्हणजे कापलं नाही, अशी पळवाट होती. सासरी ती चालत नव्हती आणि त्याचं कारण अगदी सरळ होतं. तिथलं कोहळं भरायचं असे. फुटलेल्या कोहळ्यात काय भरणार?

मी सांगते ते स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाल्यावरचं. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळं चांद्यातच, आताच्या चंद्रपुरात, यायचं. आमचं गाव चामोर्शीच्या अलीकडे. पुढे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि मागे जंगल. माझं लग्न ठरलं ते मार्कंड्याच्या यात्रेत. माझे वडील आणि माझे सासरे नदीच्या वाळूत शेजारी शेजारी चुली मांडून बसले, बोलता बोलता जात निघाली, पाहुणपण निघालं, आणि मी इतक्या लांब येऊन पडले. लग्नाआधीच सासरे वारले. घरात सासू, नवरा आणि मी. सासूला मी आत्याबाई म्हणायची. ती काटक, बोलायला फटकळ आणि चवीला फार पक्की बाई होती.

भरलेलं कोहळं वर्षातून एकदाच व्हायचं. धानाची मळणी उरकली, नवं धान घरात आलं, की सावडीला आलेल्या सगळ्यांना जेवायला बोलवायचं. सावड म्हणजे आज तुम्ही आमच्या बांधीत, उद्या आम्ही तुमच्या. त्या जेवणात कोहळं नसेल तर लोक तोंडावर काही बोलत नसत, पण पुढच्या रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, त्यांची पाठ दुखायला लागे.

आता हे करायचं कसं ते सांगते, कारण हल्ली मला कोणी विचारलं की मी सांगते आणि ते लोक मध्येच दुसरं काही विचारतात. कोहळं बुडाशी बसकं निवडायचं, म्हणजे विस्तवात डुगडुगत नाही. नख लावून बघायचं. नख रुतलं तर ते कच्चं, त्याला भाजीत टाका. देठ वाळलेला पण शाबूत हवा, टोपण उचलायला तोच कामाला येतो. देठाभोवती टोपण कापायचं ते तिरपं, विळ्याचं टोक आतल्या बाजूला झुकवून. सरळ कापलं की शिजल्यावर टोपण आत पडतं आणि भात राखेनं माखतो. आतला गर कोरायचा नाही, नुसत्या बिया आणि दोरे काढायचे. मग आतून हळद-मीठ चोळून ठेवायचं.

भरायला नवे तांदूळ, अर्धेच शिजवलेले. त्यात भिजवलेली लाखोळीची डाळ, पाट्यावर रगडलेला लसूण आणि लाल मिरच्या, तव्यावर कुरकुरीत केलेले सुके झिंगे, मूठभर तीळ आणि हात न आखडता सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्याकडचे लोक भलतंच समजतात. वरून जवसाचं तेल. तोंडापर्यंत कधी भरायचं नाही, कारण तांदूळही फुगतात आणि कोहळंही पाणी सोडतं. टोपण लावून वर पळसाची पानं, त्यावर दोरी, त्यावर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, मिसळलेल्या चिखलाचा जाड लेप. खळ्याच्या कडेला खड्डा करून खाली गोवऱ्या, मध्ये कोहळं, वरून गोवऱ्या आणि धानाचा कोंडा. कोंडा भडकत नाही, नुसता धुमसतो. सकाळी पुरलं की दिवस कलताना निघतं. सासू मधून मधून जाऊन खड्ड्यावर वाकून वास घ्यायची. गोड वास आला की तिचा चेहरा सैल पडे. मी विचारलं, "आत्याबाई, झालं कसं समजते?" तर म्हणाली, "नाक हाये ना तुले? मंग?" एवढीच शिकवणी.

पहिल्या वर्षी नवऱ्यानं कापलं. दिसायला देखणा, बोलायला गोड आणि कामात उतावळा असा तो माणूस. पायात कोहळं धरून त्यानं असा काही विळा मारला की टोपण सरळ तर सरळ, वर वाकडंही आलं. सासूनं डोक्याला हात लावला. "तुह्या बापानं जिंदगीत असं कापलं नाई," ती म्हणाली. तो माझ्याकडे बघून हसला आणि मीही हसले. मला तो आवडत होता, हे सांगायला आता काय हरकत आहे.

दुसऱ्या वर्षी पोळा झाल्यावर तो आलापल्लीकडे गेला, सागवान तोडायच्या कामावर. कापणीला परत येतो म्हणाला. कापणी आली, तो आला नाही. आम्ही दोघींनी सावडीच्या लोकांच्या मदतीनं धान कापलं, बांधलं, मळलं. माझ्या हाताला घट्टे पडले आणि सासूची कंबर गेली. नवं धान घरात आलं. माळ्यावर तीन कोहळी ओळीनं बसली होती, एकाहून एक बसकी. लोक वाट बघू लागले.

शेजारचा म्हातारा सावडीतला मुख्य माणूस, जातीच्या पंचांतही बसायचा. त्यानं दोनदा येऊन विचारलं, "वहिनी, काऊन अडून राह्यली तुमी? आना कोहळं, मी लावतो विळा."

सासू म्हणाली, "माहा पोरगा येऊन राह्यला. तोच कापीन."

सिरोंच्याच्या वाटेनं ये-जा करणाऱ्या एका गाडीवानानं बातमी आणली की माझ्या नवऱ्यानं तिकडे एक बाई ठेवली आहे, झोपडी बांधली आहे. सासूनं त्या गाडीवानाला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं. मी आत चुलीपाशी होते. मला सगळं ऐकू आलं होतं आणि मला ऐकू आलं हे तिलाही माहीत होतं.

आता माझी गोष्ट अशी अडकली होती. आमच्यात पाट लागायचा, म्हणजे टाकलेल्या बाईचंही दुसरं लग्न व्हायचं, पण आधी काडीमोड हवी. आणि नवरा समोर नसला तर सासरच्यांनी चारचौघांत सांगावं लागे की आता आमचा हिच्यावर हक्क नाही. सासू तर उठता-बसता सांगत होती की तो येऊन राह्यला. ती जोवर असं म्हणत होती तोवर मी धड नवऱ्याची नव्हते आणि धड मोकळीही नव्हते. माझं वय विशीच्या आतलं. असंच या ओट्यावर बसून केस पांढरे होतील की काय, असं सारखं मनात येई. आणि परक्या माणसाच्या हातून कोहळं कापलं की घरात माणूस नाही हे जगजाहीर होणार, म्हणून सासू ते कापू देत नव्हती. थोडक्यात, माझी गाठ त्या कोहळ्याशी बांधलेली होती. मला त्याचा भयंकर राग यायचा. माळ्यावर चढले की मी त्यांना शिव्या द्यायची.

पौषात एक कोहळं देठाशी ओलं झालं, ते बैलांना घातलं. माघात दुसरं बुडाशी मऊ पडलं. सासूनं ते हातानं दाबून पाहिलं आणि उकिरड्यावर ठेवून आली. फेकलं नाही, ठेवलं. तिसरं तेवढं ठणठणीत राहिलं.

महाशिवरात्रीला आम्ही शेजारच्या गाडीतून मार्कंड्याला गेलो. सासूच्या मनात होतं की खालच्या जंगलातले सगळे लोक यात्रेला येतात, तोही येईल. तिथं माझे वडील भेटले. ते मुद्दामच आले होते. वाळूत बसून त्यांनी मला हळूच विचारलं, "पोरी, येतं काय घरी?" मी म्हटलं, "बाबा, आत्याबाई नाई म्हणत तोवर कशी येऊ?" त्यांनाही रीत ठाऊक होती.

सासू आंघोळीला नदीवर गेली होती. ती लवकर परतली. ओलं लुगडं तसंच, देवळाकडे गेलीच नाही. "चाला घरी," म्हणाली.

"दर्शन?" मी विचारलं.

"झालं." तिनं गाडीत चढून पदर आवळून घेतला. वडीलही आमच्याबरोबर निघाले. बरंच अंतर गेल्यावर, बैलांच्या घुंगरांत, ती माझ्याकडे न बघता बोलली. "दिसला मले तो. वाळूत चूल मांडून बसला होता. संग बाई होती, पोटुशी."

"काही बोलला?"

"मले पाह्यलं आन तोंड फिरवलं."

मी गाडीतून उतरायला निघाले. परत जाऊन काय करणार होते ते मलाही माहीत नव्हतं, पण हातात वाळू घेऊन त्याच्या चुलीत टाकावी एवढं तरी मनात होतं. वडिलांनी दंड धरून बसवलं. सासू मुकाट रडत होती. मला रडू आलं नाही, नुसता संताप आला. बोलण्यातला गोडवा मी त्या दिवसापासून कोणत्याच पुरुषाच्या हिशेबात धरत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं माळ्यावरून तिसरं कोहळं खाली आणलं, अंगणात ठेवलं आणि शेजारच्या म्हाताऱ्याला निरोप दिला की आज सगळ्यांनी जेवायला यायचं. म्हातारा खुशीत लगेच आला. धोतर सावरून खाली बसला आणि विळ्यासाठी हात पुढे केला. ओट्यावर माझे वडील बसले होते, तेही चांगले धडधाकट पुरुष. सासूनं दोघांनाही ओलांडून विळा माझ्या हातात दिला.

"काप," म्हणाली.

म्हातारा म्हणाला, "वहिनी, हे काय करून राह्यल्या?"

"तुमी बसा भाऊ. तुमाले जेवाले बोलावलं."

मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. मूलबाळ नव्हतं, आणि बाईनं कोहळ्यावर शस्त्र चालवलं की तिची कूस धरत नाही असं लहानपणापासून कानावर होतं. मी पायात कोहळं धरलं. पहिला घाव सालीवरून घसरला. साल लाकडासारखी झाली होती. सासू समोर उकिडवी बसली आणि शिकवल्यासारखी बोलू लागली, "घाव नको घालू. टोक रोव. हां. आता दाब. आत झुकव, आत." टोक एकदम आत गेलं आणि कोहळ्याचा गोडसर, ओला वास आला. मग मी हळूहळू फिरत गेले. टोपण निघालं ते नीट तिरपं. सासूनं ते उचलून परत बसवून पाहिलं, पुन्हा उचललं आणि आत गेली. शाबासकी द्यायची तिला सवय नव्हती.

मला मात्र छाती फुगल्यासारखं झालं. मनात आलं, हिनं मला घरची धनीण केली. आता हे घर, ही बांधी, हे कोहळं, सगळं माझ्या हातानं चालणार. मी त्याच धुंदीत तांदूळ अर्धे शिजवले, झिंगे भाजले, चिखल कालवला. खड्ड्यावर वाकून वासही मीच घेतला. दिवस कलला तेव्हा म्हटलं, "आत्याबाई, झालं." तिनं येऊन तपासलं नाही. "काढ मंग," एवढंच म्हणाली.

लेप फोडला, जळकी पानं सोलली. साल काळी पडली होती. टोपण उचलल्यावर वाफेबरोबर लसणाचा आणि गोड गराचा असा वास सुटला की अंगणातली बोलणी थांबली. आम्ही कलिंगडाच्या फाका करतो तशा फाका केल्या, वर भात तसाच. पत्रावळी मांडल्या, पण कोणी हात घालेना. सगळे म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. बाईनं कापलेलं खावं की नाही, हे त्यानं ठरवायचं होतं. त्यानं पत्रावळ पुढे ओढली, मागे सारली. शेवटी त्याची बायकोच म्हणाली, "थंड होऊन राह्यलं ना," आणि तिनं घास घेतला. मग म्हाताऱ्यानंही घेतला. बराच वेळ चावला आणि म्हणाला, "झिंगे कमी पडले." दुसरी फाक त्यानं मागून घेतली.

माझे वडील ओट्यावरच बसून होते. मुलीच्या सासरी बाप जेवत नाही, तिला मूल होईपर्यंत तर पाणीही घेत नाही. त्यांनी शिदोरीतली भाकर सोडली होती. सासू एक मोठी फाक पत्रावळीवर घेऊन त्यांच्यासमोर गेली.

"जेवा भाऊ."

"नाई बाई. पोरीच्या घरचं कसं जेवू?"

ती तिथंच उभी राहिली आणि अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे आता तुमच्या पोरीचं सासर नाई. माहा पोरगा येनार नाई. मी पाह्यलं. हिच्यावर माहा हक्क नाई. नेऊन पाट लावा तिचा. जेवा."

पंचांतला म्हातारा तिथंच होता, सावडीतली सगळी घरं तिथं होती. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्या सगळ्यांनी ऐकलं. वडिलांनी थोडा वेळ खाली मान घातली आणि मग फाकेतला घास मोडून तोंडात घातला.

मला तेव्हा कळलं की सकाळी विळा माझ्या हातात कशाला दिला होता. ज्याची वाट बघावी असा या घरात आता कोणी उरला नाही, हे तिला सगळ्यांना दाखवायचं होतं. मी पातेलं आदळलं. आत जाऊन तिच्यावर ओरडले, "मले विचारलं काय तुमी? मी का गाय हावो, दावं सोडलं आन हाकलली?"

ती पुढच्या सालच्या वेलासाठी बिया राखेत घोळत होती. "तुले नाई जाचं?"

मला जायचं होतं. मोकळं होणार म्हणून मला इतका आनंद झाला होता की त्या आनंदाचीच चीड येत होती. मला त्या घरातून पळून जायचं होतं आणि तिला सोडून जायचं नव्हतं, आणि या दोन गोष्टी एकत्र होणार नव्हत्या. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बिया घोळू लागली. "मंग जा," म्हणाली. "रोवन्याले मानसं भेटतीन मले. आज सारे जेवले ना."

सकाळी वडिलांनी गाडीची सोय केली. मी पाया पडले तेव्हा तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. निघताना मी विचारलं, "आत्याबाई, पुढच्या साली कोहळं कोन कापीन?"

"मीच कापीन," ती म्हणाली. "कापून तुहे हात झडले काय?"

मला हसू आलं आणि मग रडू आलं, ते गाडीत बसल्यावरही थांबेना. गाडी पांदणीच्या वाटेला लागली तशी मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं होतं ती दारात उभी असेल, पोळ्यापासून रोज उभी असायची तशी, वाटेकडे डोळे लावून. दारात कोणी नव्हतं. ती खळ्यात पाठमोरी उभी राहून तणस रचत होती.